आसाला तेल

नरकचतुर्दशीची पहाट. बंबात पाणी कढत आहे, पाटाभोवती रांगोळी आहे, आणि थंडीने कुडकुडणाऱ्या पोरांच्या पाठीवर आई खसखसून तेल जिरवीत आहे. हा देखावा महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरी सारखाच. पण या अभ्यंगाचे गुण सांगताना चरकसंहितेने एक उपमा दिली आहे, ती मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नसते. तेल मुरलेला घडा, तेल चोळलेले कातडे आणि वंगण दिलेला गाडीचा आस जसे दणकट होतात आणि झीज सोसतात, तसेच अभ्यंगाने शरीर होते, असे तिथे म्हटले आहे. ही तिसरी उपमा ज्याला सुचली, त्याने बैलगाडी नुसती पाहिली नव्हती. कोरड्या आसाची करकरही ऐकली होती.

पाठीला तेल लावणाऱ्या हातांचे कौतुक दिवाळीत घरोघर होते. आसाला तेल लावणाऱ्या हातांचे कौतुक सहसा कोणी करीत नाही. वाचकहो, ते आज करावे असा विचार आहे. कारण ते हात आता जवळजवळ नाहीसे झाले आहेत, आणि ते का नाहीसे झाले याची गोष्ट मोठी रंजक आहे.

गोष्टीची सुरुवात झाडीपट्टीतून करू. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर इटियाडोहाचे धरण आहे. १९७० च्या सुमारास ते उभे राहिले. पण धरण नव्हते तेव्हाही हा मुलूख पाण्याचा आणि धानाचाच. कोहळी लोकांनी बांधलेली जुनी तळी, नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय, आणि त्यांच्या काठाकाठाने पसरलेल्या बांध्या. दिवाळीच्या आगेमागे धान कापणीला येते, गावोगाव मंडई भरते, रात्र-रात्र दंडार आणि नाटके रंगतात. धानाची पोती असोत की नाटकाला निघालेली माणसे, वाहन एकच : बैलांची बंडी. तिच्या साटीखाली एक नळा लोंबकळत असे, आणि त्यात काळेकुट्ट वंगण. विदर्भात त्याला ओंगणही म्हणतात. एरंडीचे तेल हा त्याचा जीव. लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी गाडीवान चाक ओढून काढी, आसाच्या टोकाला वंगण फासे, चाक पुन्हा चढवी आणि कुणी ठोकून देई. आस जागच्या जागी आणि चाक त्याच्याभोवती फिरणारे, असा बंडीचा मामला. चूक झालीच तर चाक करकरे, बैलांना धाप लागे आणि गाडीवान खाली उतरे. बैलाच्या चालीला एवढी राखण पुरेशी होती.

मग आली आगगाडी. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा चौदा डबे आणि चारशे पाहुणे ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने होती. पुढे रुळांनी विदर्भ गाठला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने नागपूर-राजनांदगाव ही आधीची मीटरगेज लाइन हाती घेऊन रुंद केली, आणि गोंदिया हे गाव नकाशावर ठळक झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत गोंदियाहून दक्षिणेला सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड असे करीत चांदा फोर्टपर्यंत छोटी लाइन गेली. दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. इटियाडोहाच्या पंचक्रोशीतले धान आणि जंगलातला बांबू या लाइनीने जगाला जोडला. बंडीचा आस स्टेशनाच्या आवारात थांबे, आणि तिथून पुढे वाघिणीचा आस भार घेई.

या दोन आसांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर होते. आगगाडीत चाके आसावर घट्ट बसवलेली असतात. चाकांबरोबर सबंध आसच फिरतो. आसाची दोन्ही टोके चाकांच्या बाहेर येतात, आणि गाडीचे सारे वजन या फिरत्या टोकांवर टेकलेले असते. रेल्वेवाले त्या टोकाला जर्नल म्हणतात. जर्नलभोवती बिडाची पेटी, म्हणजे ॲक्सल-बॉक्स. पेटीत वरच्या बाजूला पितळेचा अर्धगोल तुकडा, जणू जर्नलवर पालथी घातलेली पन्हळ. त्याच्या आतल्या अंगाला व्हाइट मेटल नावाच्या मऊ मिश्रधातूचा थर. कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या या मिश्रणाचा शोध अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिट यांनी लावला आणि १८३९ साली त्याचे पेटंट घेतले. रुंद रुळांवरच्या जुन्या चारचाकी वाघिणीचे भरलेले वजन सुमारे ३२ टन. म्हणजे एकेका जर्नलच्या डोक्यावर ८ टन. एक मीटर व्यासाचे चाक ताशी ६० किलोमीटरने धावू लागले की मिनिटाला ३०० हून अधिक फेरे घेते. गोंदियाहून नागपूरला, सुमारे १३० किलोमीटर जाईपर्यंत, त्याचे चाळीस हजारांवर फेरे होतात. एवढ्या ओझ्याखाली, एवढ्या वेगाने, धातूवर धातू घासला तर काय होईल हे सांगायला नको. आणि इथे गाडीवानासारखे मध्येच चाक काढून वंगण फासण्याची सोय नाही. आसाला तेल मिळायला हवे ते धावता धावता, आपोआप.

सुरुवातीला विलायतेत यावर जो तोडगा निघाला, तो साधा पण चतुर होता. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे हेन्री बूथ यांनी १८३५ साली चरबी, पामतेल, सोडा आणि पाणी घोटून एक घट्ट वंगण तयार केले. ते पेटीच्या वरच्या कप्प्यात भरायचे. आस तापला की त्याच उष्णतेने वंगण वितळे आणि खाली ठिबके. आस निवला की ठिबकणे बंद. रोग्याच्या तापानेच औषध पाझरावे असा हा प्रकार. खोट एकच : औषध मिळायला आधी ताप यावा लागे. शिवाय उन्हाळ्याचे मिश्रण वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे करावे लागे.

त्याहून सरस ठरले ते पातळ तेल, आणि ते वरून नव्हे, खालून. आपल्या देशात आरंभीच्या काळात रेल्वेच्या वंगणातही एरंडीचे तेल वापरले गेले. बंडीच्या नळ्यातला जिन्नसच आगगाडीच्या पेटीत गेला म्हणायचा. मागाहून खनिज तेल आले. पेटीच्या तळाशी सुताचा गुंता, ज्याला कारखान्यांत वेस्ट म्हणतात, तेलात चांगला भिजवून, निथळवून, जर्नलच्या पोटाला टेकेल असा ठासून भरायचा. तेल तळाशी आणि आस वर. मग तेल वर चढणार कसे? याचे उत्तर या क्षणी आपल्या अंगणात तेवत आहे. पणतीतली वात तळचे तेल ज्योतीपर्यंत पोहोचवते, ती कोणी उपसा करतो म्हणून नव्हे. सुताच्या बारीक धाग्यांतून तेल आपोआप वर सरकते म्हणून. ॲक्सल-बॉक्स ही अशीच एक झाकलेली पणती होती. फरक इतकाच, की अंगणातल्या पणतीने पेटायचे असते, आणि या पणतीने कधीही पेटायचे नसते.

पण कधी कधी ती पेटे. पेटीचे झाकण सैल राहून धूळ आत जाई, पावसाचे पाणी शिरून तेल तरंगून वाहून जाई, वेस्टचा एखादा धागा फिरत्या जर्नलबरोबर ओढला जाऊन पितळेखाली अडके. तेवढे निमित्त पुरे. पेटी तापू लागे. आधी जळक्या तेलाचा वास, मग धूर, मग व्हाइट मेटल वितळून जाई, आणि मग वेस्टच भडकून ज्वाळा निघत. रेल्वेच्या भाषेत याला हॉट ॲक्सल म्हणत. कोणाच्या लक्षात आले तर पुढच्या स्टेशनावर ती वाघीण कापून सायडिंगला ढकलीत; धान, कोळसा जे असेल ते तिथेच अडकून पडे आणि गाडीचा खोळंबा होई. लक्षात आले नाही तर तापून लाल झालेले पोलाद मऊ पडे, जर्नल पिळवटून तुटे, वाघीण रुळांवर आडवी होई, आणि तिच्यामागच्या वाघिणी तिच्यावर चढत. एका सुताच्या धाग्याने सबंध गाडी जमिनीवर आणावी, असे हे शास्त्र होते.

म्हणून मोठ्या जंक्शनांवर माणसे ठेवलेली असत. गाडी फलाटाला लागत असतानाच ट्रेन एक्झॅमिनर रुळांच्या कडेला उभा राहून प्रत्येक चाकाचा आवाज ऐके. गाडी थांबली की तेलवाले दोन्ही अंगांनी निघत. एका हातात लांब चोचीचे तेलाचे भांडे, दुसऱ्या हातात लोखंडी आकडा. पेटीवर हाताची पालथी बाजू टेकवून ऊब पाहायची, झाकण खाडकन उघडायचे, आकड्याने वेस्ट सारखे करायचे, तेलाची धार सोडायची, झाकण आपटायचे, पुढची पेटी. चारचाकी वाघिणीला चार पेट्या. पन्नास वाघिणींच्या गाडीला दोनशे. रात्र असो, पाऊस असो, मेचे ऊन असो, दोनशे वेळा वाकायचे. त्यातच पितळेला मोल असल्यामुळे यार्डात उभ्या वाघिणींचे पितळच चोरीला जाण्याचा उपद्रव, तोही यांनीच हुडकायचा. ज्यांनी त्या काळात रात्रीचा प्रवास केला आहे, त्यांना अर्धवट झोपेत ऐकलेला तो ‘खाड, खाड’ असा दुरून जवळ येणारा आणि पुन्हा दूर जाणारा आवाज आठवत असेल. तो आवाज ऐकून आपण कूस बदलून निर्धास्त झोपत होतो.

आता एक प्रश्न राहतो. आठ टनांच्या ओझ्याखाली सुताने पोहोचवलेले ते दोन थेंब टिकतात कसे? पिळून बाहेर का फेकले जात नाहीत? गंमत अशी, की आगगाड्या धावू लागून अर्धशतक उलटले तरी याचे खरे उत्तर कोणालाही ठाऊक नव्हते. ते सापडले योगायोगाने. १८८३ च्या सुमारास ब्यूचँप टॉवर हे इंग्रज इंजिनियर तिथल्या यांत्रिक इंजिनियरांच्या संस्थेसाठी घर्षणाचे प्रयोग करीत होते. चार इंच जाडीचा जर्नल, खाली तेलाचे पात्र, वर पितळ. पितळेच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी त्यांनी भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी त्यातून वर उसळू लागले. त्यांनी बूच मारले, ते उडाले. लाकडाची खुंटी ठोकली. तीही वर सरकून बाहेर आली. अखेर तिथे दाब मोजण्याचे यंत्र बसवले. पितळेवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि यंत्राचा काटा २०० च्या पार गेला!

अर्थ उघड होता. फिरता आस तेलाला आपल्याबरोबर ओढतो आणि पितळेखालच्या निमुळत्या फटीत पाचरीसारखे ठोकतो. केसाहून बारीक अशी ही तेलाची पाचर सगळा भार उचलून धरते. गाडी वेगात असताना पितळ आसाला टेकलेलेच नसते. सबंध वाघीण तेलावर तरंगत असते. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. त्याच सुमारास रशियात निकोलाय पेट्रोव्ह हेही रेल्वेच्या आसांसाठी खनिज तेलाचा विचार करता करता याच वाटेने गेले होते. म्हणजे आसाला तेल देणारा पंप बाहेरून बसवण्याची गरजच नव्हती. तो पंप आस स्वतःच होता. माणसाने एवढेच करायचे, की त्याच्या पोटाशी तेल कमी पडू द्यायचे नाही.

यातच त्या पंपाचे वैगुण्यही होते. आस थांबला की पंप थांबे. उभ्या गाडीत तेलाची पाचर हळूहळू पिळून निघे आणि पितळ जर्नलवर बसे. म्हणून जुनी मालगाडी जागची हलवणे सर्वांत अवघड. सैल साखळ्यांमुळे एकेक वाघीण आळीपाळीने झटका खाऊन सुटे, हे इंजिनाच्या पथ्यावरच पडे.

तेलवाल्याची गरज कमी करण्याची धडपड साऱ्या जगात चालू होती. वेस्टच्या जागी स्प्रिंगने वर दाबलेल्या लोकरी गाद्या आल्या. युरोपात आसाच्या टोकाला पाते बसवून तेल वर उडवणाऱ्या पेट्या निघाल्या. या ओघात एलायजा मॅकॉय यांचे नाव नेहमी घेतले जाते. गुलामगिरीतून निसटून कॅनडात गेलेल्या आईबापांचा हा मुलगा एडिंबरोला यंत्रविद्या शिकून आला. पण काळ्या माणसाला इंजिनियरची जागा कोण देणार? मिशिगन सेंट्रल रेल्वेत त्याला कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचे काम मिळाले. १८७२ साली त्याने आपोआप तेल देणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ते डब्यांच्या आसांसाठी नव्हते, वाफेच्या इंजिनासाठी होते, हे सांगितले पाहिजे. पण तेलवाल्याचे कष्ट वाचवणारी युक्ती तेलवाल्यालाच सुचावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खरी क्रांती केली ती रोलर बेअरिंगने. घासण्याऐवजी लोळणे, हे तिचे तत्त्व. तिच्या मुळाशीही बंडीच सापडते. सेंट लुईसचे हेन्री टिमकेन हे घोडागाड्या बांधणारे कारागीर. १८९८ साली त्यांनी निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले ते घोडागाडीच्या चाकासाठी. स्वीडनमध्ये स्वेन विंगक्विस्ट हे कापड गिरणीतले इंजिनियर. गिरणीचे शाफ्ट सरळ रेषेत राहीनात, म्हणून १९०७ साली त्यांनी स्वतःला सावरून घेणारे बेअरिंग बनवले. १९३० मध्ये टिमकेन कंपनीने सर्व आसांना रोलर बेअरिंग लावलेले एक वाफेचे इंजिन तयार केले आणि शिकागोत चार-दोन माणसांनी हाताने ओढून दाखवले. उभ्या गाडीचे ते जुने वैगुण्य संपल्याची ही जाहीर द्वाही होती.

आपल्याकडे पेरांबूरचा डब्यांचा कारखाना १९५५ साली सुरू झाला, आणि तिथून निघालेल्या पोलादी डब्यांबरोबर रोलर बेअरिंग सर्वसामान्य प्रवाशाच्या बाकाखाली आले. बेअरिंगे देशातच होऊ लागली. जयपूरचा कारखाना १९४६ चा; पुण्याजवळ चिंचवडला स्वीडिश सहकार्याने १९६१ साली कंपनी उभी राहिली. मालगाड्यांची पाळी जरा उशिरा आली. १९८० च्या दशकात आठ चाकांच्या मोठ्या उघड्या वाघिणी आल्या, त्यांचे भरलेले वजन ८१ टन, म्हणजे एकेका टोकावर १० टन. पण त्यांना पेटीच नाही! ग्रीस भरून मोहोरबंद केलेले बेअरिंग थेट आसावर चढवलेले. वाटेत त्याला तेल नाही, वेस्ट नाही, उघडण्यासारखे झाकणही नाही. उघडायचे ते वर्कशॉपमध्येच. जुन्या वाघिणी मोडीत निघत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर लांब चोचीचे भांडेही.

इटियाडोहाच्या वाटेवरची छोटी लाइनही १९९० च्या दशकात रुंद झाली. नागपूर-नागभीडची तिची बहीण २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. त्या गाड्यांचे अवशेष पाहायचे तर नागपूरला मोतीबागेतले संग्रहालय आहे. मुलांना घेऊन अवश्य जावे, आणि इंजिनाच्या चिमणीबरोबरच आसाच्या टोकाची ती पेटीही दाखवावी.

आज अर्जुनीच्या फलाटावर उभे राहिले, की समोरून कोळशाची मालगाडी धडधडत जाते. पोरांना सांगावे, चाकाच्या मधोमध बघा : तीन बोल्टांची एक गोल टोपी गरगर फिरताना दिसेल. तेच ते मोहोरबंद बेअरिंग. बंडीच्या नळ्यातले वंगण, हेन्री बूथची चरबी, सुताची वात आणि तेलवाल्याचा आकडा हे सारे त्या मूठभर टोपीमागे बंद झाले आहे.

मात्र सगळेच बंद झालेले नाही. मोहोरबंद बेअरिंगही क्वचित बिघडते, आणि त्याची ओरड जुन्या पितळेसारखी आधीपासून ऐकू येत नाही. म्हणून रुळांच्या कडेला उष्णता टिपणारी यंत्रे बसली. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून, आणि आपल्याकडेही चाकांची उष्णता आणि आवाज पारखणारी साधने अलीकडे आली आहेत. तपासनीस आता पालथा हात टेकवीत नाही. लांबून तापमान सांगणारे यंत्र रोखतो. आणि तरीही, गाडी न थांबता जात असताना स्टेशनाचा माणूस हिरवी झेंडी घेऊन बाहेर उभा राहतोच. आपल्याला वाटते, तो गाडीला निरोप देतो आहे. खरे म्हणजे तो प्रत्येक चाकाकडे बघत असतो : कुठे धूर नाही ना, कुठे लाली नाही ना. फाटकावरचा गेटमनही तेच करतो. तेल आपोआप मिळू लागले. लक्ष मात्र अजून कोणी तरी द्यावेच लागते.

या दिवाळीत गावी जाताना, किंवा भाऊबीज आटोपून परतताना, खिडकीतून एखादी हिरवी झेंडी झर्रकन मागे गेलेली दिसेल. त्या माणसाच्या घरीही आज पणत्या लागलेल्या असतील. तो मात्र बाहेर उभा राहून, आपल्या गाडीखाली एकही पणती पेटलेली नाही ना, एवढेच पाहत असेल.